एक रुसणारा पॅकेजमध्ये

"घरात रुसलेलं कोण हाय?"

लग्नाच्या फोटोंची चौकशी करायला कोणी आलं, की तिचा पहिला प्रश्न हा असे. तारीख नंतर, हॉल नंतर, अल्बमचं तर चहा झाल्यावर. आधी ती चष्मा ओढणीने पुसायची, डोळ्यांवर चढवायची आणि हे विचारायची. समोरचे काका दचकत.

"तुला काय करायचंय गो त्याचं?"

"मला काय नाय काका. कॅमेऱ्याला लागतं."

पेणला एसटी स्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि जिल्ह्याच्या बातम्या मुंबईला पाठवणारा मी. गाळा मला एकट्याला मोठा पडत होता, म्हणून निम्मा तिला दिला. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं. प्लायवूड पातळ होतं. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

ती मूळची वरशाची, म्हणजे रोह्याला लागून. पेणमध्ये मावशीकडे राहायची. आधी डोलवीला कंपनीत एका कंत्राटदाराकडे कामाला होती. कंत्राटी कामगारांचे गेटपास तयार करायचे, त्यासाठी त्यांचे फोटो काढायचे. माणूस खुर्चीत बसला की ठरलेली तीन वाक्यं: "मान सरळ. चष्मा काढा. हसू नका." पुढचा.

नोकरी का सोडली, असं मी एकदा विचारलं. बातमीदाराला कारण लागतंच.

"दिवसभर माणसांना हसू नका सांगून कंटाळा आला," ती म्हणाली.

हे कारण तिच्या मोठ्या भावाला पटलं नाही. तो त्याच कंपनीत क्रेनवर. तिच्यासाठी कंत्राटदाराकडे शब्द त्यानेच टाकला होता. तिने राजीनामा दिला त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं बंद केलं. जे सांगायचं ते आईमार्फत. आईमार्फत आलेला निरोप असा: तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो, पाऊस आला की संपतो. तेवढा एक सीझन कर. जमलं नाही तर परत गेटवर. खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली आहे.

सुरुवातीला जमायची काही चिन्हं नव्हती. तिने मांडववाल्यांकडे कार्डं ठेवली, ब्यूटी पार्लरमध्ये ठेवली, मोबाइलवर पान उघडलं. हात बसावा म्हणून गणपतीच्या कारखान्यांत जाऊन मूर्तींचे फोटो काढले. "मूर्ती बरी," म्हणायची, "हलत नाय, आणि माझी हीच बाजू घे असंपण म्हणत नाय." गिऱ्हाईक मात्र दर विचारून जिना उतरायचं. तिने नीट हिशेब करून दर सांगितला, तर प्रत्येकाच्या मेव्हण्याचा मुलगा त्याहून कमीत ड्रोन घेऊन येत होता. घाबरून दर खाली आणला, तर लोक एकमेकांकडे बघायचे. "एवढ्यात? मग फोटो येतात ना नीट?" जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांचा आवाज दोन्ही वेळेला सारखाच यायचा.

पहिलं काम रोह्याकडच्या एका गावात मिळालं. तुम्ही अशा लग्नांत जेवला असाल, म्हणजे पुढचं पाहिलंही असेल. अक्षता पडल्या, घरच्यांचा फोटो काढायला सगळे स्टेजवर चढले आणि नवरीची मामी सापडेना. मामी मांडवामागे चुलाण्यांजवळ लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. पत्रिकेच्या तळाला 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' अशी चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ असते, त्यात सगळ्यांची नावं होती, तिच्या लेकराचं नव्हतं. मामी हलेना, म्हणून मामा हलेना. मामा हलेना म्हणून स्टेजवरचे घामाघूम. पंगत ताटकळली आणि लोक चिडले ते फोटोवालीवर.

ती कॅमेरा घेऊन चुलाण्यांकडे गेली. समजूत घातली नाही. लेकराचा एकट्याचा फोटो काढला आणि मामीला दाखवला. मग म्हणाली, "आता तुमच्यासंगट एक." तो काढला. मग, "आता मामांना बोलवा." तो काढेपर्यंत तिघं उभी राहिली होती, आणि उभं राहिलेलं माणूस स्टेजपर्यंत चालवत नेणं सोपं असतं.

परत आल्यावर ती पार्टिशनच्या वरून डोकावली. "कळलं मला," म्हणाली. "लग्नात फोटो काढायला वेळ जातच नाय. वेळ जातो रुसलेल्या माणसाची वाट बघण्यात. मग पैसे त्याचेच घ्यायला पाहिजेत."

दुसऱ्या दिवसापासून दर बदलला. कमी नाही, जास्त नाही, वेगळाच. लग्नाचा एक आकडा. त्यात एक रुसणारा धरलेला. दुसऱ्यापासून प्रत्येकी वेगळे पैसे.

मला वाटलं, लोक उठून जातील. उठून जायचं सोडून ते घासाघीस करायला लागले. कोलाडचं एक जोडपं आलं होतं, त्यांचं मला अजून आठवतं.

"आमच्यात कोण नाय रुसत," काका ठामपणे म्हणाले.

"खोटं कशाला बोलता?" काकू म्हणाल्या. "आनि तुमचा भाऊ वो?"

"तो रुसलेला नाय. त्याचं तोंडच तसं हाय."

"साखरपुड्याला आला तो?"

काका खोकले.

"एक झाला," पार्टिशनपलीकडून तिचा आवाज. "तो पॅकेजमधेच हाय काका, घाबरू नका. अजून?"

"हिची बहीण धर मग," काका म्हणाले. "सोन्याच्या पाटल्यांवरून बसलीय."

"ती रुसलेली नाय, ती खरं बोलते!"

"काकू, ज्यादा आकार तिचाच लागेल."

मग बराच वेळ नवरा-बायकोत खल झाला, की फुकटातला कोणाचा माणूस धरायचा. शेवटी काका उठले. आठ दिवसांनी फोन आला. भावाच्या घरी जाऊन दोघे जेवून आले होते. आता एकच राहिली होती, बायकोची बहीण, ती पॅकेजमध्ये बसवावी. भावाला समजावायला आयुष्यभर जो मुहूर्त लागत नव्हता, तो ज्यादा आकाराने लावला.

"हा धंदा आहे की समेट?" मी विचारलं.

"धंदा," ती म्हणाली. "समेटाचे पैसे कोण देतं?"

सगळंच सुरळीत व्हायचं असं नाही. नागोठण्याकडच्या एका लग्नात नवऱ्याच्या आत्याच्या यजमानांना कळलं, की आपण पॅकेजमध्ये आहोत. ते आणखी रुसले. "म्हणजे मी फुकटात?" त्यांच्यासाठी नंतर वेगळे पैसे लावल्याचं जाहीर करावं लागलं, तेव्हा ते ऐटीत स्टेजवर आले.

आणि गिऱ्हाइकं? ती कार्डावरून आली नाहीत, मोबाइलवरच्या पानावरूनही नाही. ती आली रुसणाऱ्यांकडून. ज्यांना तिने खुर्चीतून उठवलं होतं, त्यांच्या मुलांची लग्नं ठरली की ते फोन करत. कारण साधं होतं. मांडवाच्या कडेला एकट्या बसलेल्या माणसाचा फोटो एरवी कोणी काढत नाही. तिने काढला होता आणि चांगला काढला होता. नागोठण्याकडच्या त्या आत्याच्या यजमानांचा फोन माझ्यासमोर आला. "माझा तो खुर्चीतला फोटो मोठा करून पाठव गो. आनि वैशाखात मोकळी हायस का?"

सगळ्या गावांच्या रुसव्यांचा दर तिने लावला. वरशाच्या घरातला एक तसाच राहिला होता.

त्याच सीझनच्या शेवटी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. फोटो हीच काढणार, असं आईने जाहीर केलं. भाऊ काही बोलला नाही. तो बोलतच नव्हता. पण जाण्याआधी ती माझ्या टेबलाजवळ थांबली. "भावाशिवाय घरचा फोटो आला," म्हणाली, "तर आई तो जन्मभर बघत बसेल. आणि मी गेटवर गेले काय न गेले काय, सारखंच."

मला आमंत्रण होतं, मी गेलो. भाऊ राबत होता. पाहुण्यांना पाणी, वऱ्हाडाला जागा, सगळं तोच बघत होता. फक्त कॅमेरा वळला की तो नेमका दुसरीकडे वळायचा. कानपिळीला त्याने नवऱ्याचा कान रीतीप्रमाणे धरला, मान मात्र पाठीमागे फिरवली. त्या फोटोत नवऱ्याचा कान स्पष्ट आहे आणि भावाच्या मानेवरचा घाम.

अक्षता पडल्या. घरच्यांच्या फोटोसाठी आई, मामा, नवरा-नवरी उभी राहिली. भाऊ मांडवाच्या कडेला, रचलेल्या खुर्च्यांजवळ बसला होता. मी शेजारीच पाण्याच्या पिंपापाशी होतो. ती आली, तिने कॅमेरा उचलला.

"नको शिकवू मला," तो समोर बघत म्हणाला. "तुझी आयडिया अख्ख्या रोह्याला माहीत हाय. आधी एकट्याचा काढायचा, मग स्टेजवर न्यायचं."

तिने कॅमेरा खाली घेतला. "बरं. नाय काढत." आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. स्टेजवर सगळे उभेच होते. आईने पदर सारखा केला, पुन्हा केला.

"माझे किती लावलेस?" त्याने विचारलं.

"तुझे नाय लावले. एक पॅकेजमधे असतो. पैसे दुसऱ्यापासून."

"आनि दुसरा कोण?"

"दुसरी मी."

आता त्याने मान वळवली. "तू कशाला रुसलीस?"

"सीझनभर भाऊ बोलला नाय माझ्याशी. मी काय रुसू नको?"

मग त्याने तळहात पँटला पुसले. "दे इकडं," म्हणाला. तिने पट्टा गळ्यातून काढून कॅमेरा त्याच्या हातात दिला. क्रेन चालवणारे हात ते, पण कॅमेरा त्यांनी नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा धरला.

"कुठं दाबायचं?"

"इथं. हळू."

त्याने एक डोळा मिटला.

"मान सरळ," तो म्हणाला. "चष्मा काढ. हसू नको."

ती हसली. त्याने तेवढ्यात दाबलं.

त्यानंतरचा घरच्यांचा फोटो सरळ आला. त्यात भाऊ आहे, आईच्या उजव्या हाताला, समोर बघणारा. ती अर्थातच नाही. फोटो काढणारी कुठल्याच लग्नात दिसत नाही, हे तुमच्याही अल्बममध्ये पाहता येईल.

भावाने काढलेल्या फोटोत मात्र तीच आहे. कपाळ अर्धं कापलं गेलं आहे, एक बाजू धुरकट, चष्मा हातात, आणि हसू इतकं मोठं की बाकीच्या चुका लक्षात येत नाहीत. तिने तो मोठा करून टेबलामागच्या भिंतीला लावला. चौकशीला येणारे हटकून विचारत, "हा वाकडा कोणी काढला?"

"कंपनीतल्या माणसानं," ती सांगायची. आणि मग, "घरात रुसलेलं कोण हाय?"

पाऊस आला तेव्हा गेटवरची खुर्ची भरली होती. ती भरून टाकायला भावानेच सांगितलं होतं. तिची कामं तोवर रोहा, कोलाडकडेच वाढली होती. रोह्याला बाजारात एक गाळा रिकामा होणार होता, मालक भाड्याने देईना. भावाने शब्द टाकला. एका रविवारी तो टेम्पो घेऊन आला, पाटी काढली, पार्टिशनपलीकडचं सगळं सामान उतरवलं. वाकडा फोटो त्याने स्वतः खाली नेला, टॉवेलमध्ये गुंडाळून.

प्लायवूड अजून आहे. पलीकडून काही ऐकू येत नाही, एवढंच.

लोक अजून जिना चढून येतात. परवा एक म्हातारे गृहस्थ आले. बंद दाराकडे पाहिलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. नातीचं लग्न होतं. मी सांगितलं, ती रोह्याला गेली, नंबर लिहून देतो. लिहीत असताना त्यांनी आपणहून सांगितलं, "दोन हायत तसे."

"एक पॅकेजमध्ये असतो," मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी घेतली, घडी केली, खिशात ठेवली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. चिठ्ठी काढून माझ्यापुढे सरकवली.

"मग तीन लिवा," म्हणाले. "मला धरून."