बत्तीच्या जाळीची राख

किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर हाती आला की माझ्या अंगात वारं शिरतं. धानोऱ्याकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि किरणोत्सर्ग नुसता पुस्तकातून शिकवणं मला साफ नामंजूर आहे. म्हणून मुलांना सांगितलं, घरातलं काहीही आणा. केळी आली, पोटॅश खताची पुडी आली. खतावर यंत्र जरा जास्त टिकटिकलं, मुलं खूश. मग एका मुलीने आजोबांच्या पेट्रोमॅक्स बत्तीची जुनी, पण न पेटवलेली जाळी पुढे केली आणि यंत्राने कडकडाट लावला.

मी ऐटीत समजावलं, की जुन्या जाळ्यांत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असायचं, टेबलावर ठेवली तर भ्यायचं कारण नाही. पोरांनी ऐकला तो फक्त कडकडाट. त्या मुलीच्या बाकावर कोणी बसेना. चौथ्या दिवशी तिने शाळाच सोडली.

चूक माझी, निस्तरायची मीच. यंत्र घेऊन तिच्या गावी गेले. आजोबांनी उभी हयात दंडारीच्या नाचगाण्यांना आणि लग्नांना बत्त्या पेटवलेल्या. अंगणात शेजारीपाजारी जमले. मी यंत्र पोरीच्या हातांवर, केसांवर फिरवलं, मग स्वतःवर. दोघींवर सारखीच साधी टिकटिक, कुठेही असते तेवढीच. "पोरीत काही नाही," मी ठणकावलं.

आजोबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आतून पत्र्याची डबी आणली. "मंग हे लावाले हरकत नाई ना बाई? बत्तीची राख हाये. पोराईले खरचटलं का मी हेच लावतो."

पोरीच्या गुडघ्यावर पांढरट डाग होता. यंत्र नेलं, टिकटिक वाढली. शेजारी मागे सरकले. इतकी वर्षं मुलांना वस्तू आणायला सांगत होते, घरी त्यांचं काय करता हे कधी विचारलंच नव्हतं. खोटं बोलले असते तर पोर लोकांच्या नजरांतून वाचली असती, पण डबीतली राख जखमांना लागतच राहिली असती.

"नाही आजोबा, ही लावायची नाही, जखमेतून अंगात जाते. पण कातडीवरची धुतली की जाते."

"हिच्या मायलेबी लहानपणी मीच लावलं," आजोबा पुटपुटले. त्यांच्या बोटांना राख होती.

पोर उठली. हातपंपावर तिने आधी गुडघा धुतला, मग आजोबांचा हात धरून साबणाने एकेक बोट चोळलं. माझ्याकडून यंत्र घेतलं, सगळ्यांसमोर त्या बोटांवरून फिरवलं. साधी टिकटिक.

"पाहा," ती शेजाऱ्यांना म्हणाली, "आता काई नाई."

सोमवारी वर्गात यंत्र मी तिच्याच हाती दिलं.