सर्वांत लांब नाव

जगातली निम्मी भांडणं माणसं सर्वांत लांब नाव आधी शोधत नाहीत म्हणून होतात, असं माझ्या काकांचं ठाम मत होतं. सुरतेच्या एका मराठी शाळेत ते टंकलेखक होते. निकालाचा तक्ता इंग्रजीत टंकायचा म्हटला, की ते आधी वर्गातलं सर्वांत लांब नाव शोधत, त्याची अक्षरं बोटांवर मोजत, त्यात दोन रिकाम्या जागा मिळवत आणि मग प्रत्येक नावापुढे तितकी लांबी भरेपर्यंत रिकाम्या जागा सोडत. ही खोड घरीही सुटली नव्हती. पंगतीत सर्वांत स्थूल पाहुणा बसेपर्यंत ते दुसऱ्या कुणाचं पान मांडू देत नसत. माझ्या लग्नाच्या फोटोत तर आधी उंच आत्याबाईंना उभं केलं. मी नवरा असूनही बाजूला ताटकळत होतो. "तू काय, कुठेही मावशील," म्हणाले.

हेडक्लार्क मोटाभाईंचा विश्वास टॅबच्या कळीवर. एकदा खुणा लावून ठेवल्या, की कळ दाबताच यंत्र पुढच्या खुणेवर उडी मारी. ते काकांना चिडवत, "अरे, टॅब दबावो ने! गाडी सीधी स्टेशने!" काका मान वर न करता म्हणत, "आणि नावच स्टेशन ओलांडून गेलं तर, मोटाभाई? गाडी पुढच्या स्टेशनावर थांबणार."

काका तापाने घरी होते त्या वर्षी सातवीचा तक्ता मोटाभाईंनी केला, अर्ध्या तासात. दोन दिवसांनी गोडादऱ्याच्या वस्तीतला एक लूम कामगार निकालाचा कागद घेऊन काकांच्या दारात उभा राहिला. "भाऊ, मनी पोर मराठीम्हा नापास कशी व्हयनी? अठरा मार्क! आते कांडी भराले बसाडस तिले."

मुलीचं नाव चंद्रभागा ज्ञानेश्वर क्षीरसागर. इंग्रजीत, मधल्या जागा धरून, पस्तीस अक्षरं. काका अंथरुणात उठून बसले. "अहो, नापास कसली! हे तोंडीचे वीसपैकी अठरा आहेत. नाव पहिली खूण ओलांडून गेलं, म्हणून सगळे मार्क एकेक घर पुढे सरकलेत, तोंडीचे मराठीच्या घरात. शाळा सोडून सुताची कांडीबिंडी भरणं काही नाही. सोमवारी दप्तर घेऊन पाठवा."

मफलर गुंडाळून ते त्याच्याबरोबर शाळेत गेले. मोटाभाई ओशाळून म्हणाले, "एक ज छोकरी छे ने, पेनथी सुधारी नाखो." काकांनी ऐकलं नाही. साठ मुलांचा तक्ता पहिल्यापासून टंकला आणि पुन्हा आठ दिवस ताप काढला.

गेल्या महिन्यात काका गेले. भेटायला आलेल्यांत एक शिक्षिका होत्या; वडील गोडादऱ्याला लूमवर होते, म्हणाल्या. त्यांनी पर्समधून घडीवर विरलेला कागद काढला. सातवीचा तक्ता, काकांनी टंकलेला. मी नावांवरून बोट फिरवत गेलो. पाटील, महाजन, सोनवणे, प्रत्येकापुढे पांढरी पट्टी सोडलेली. फक्त चंद्रभागेच्या नावापुढे मोजून दोन जागा. तिचं नाव मावावं म्हणून सगळा वर्ग थोडा थोडा सरकून बसला होता.

"काका कुठे बसायचे?" बाईंनी विचारलं. मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. ती आम्ही अजून हलवलेली नाही.