देवघेव हा शब्द

घाटकोपरच्या आमच्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर पंचवीसेक वर्षं काढली. वाचकाचं पुस्तक परत घ्यायचं, दुसरं द्यायचं, नोंद करायची. आधी कार्डांवर, मग संगणकावर.

एका सोमवारी त्या संगणकावरचा प्रोग्राम उघडेचना. परवाना संपल्याची एक ओळ यायची आणि पुढे काही नाही. सगळ्या पुस्तकांची यादी आत, आम्ही बाहेर. प्रोग्राम बसवणाऱ्या कंपनीचा फोन लागेना, म्हणून आमच्या ग्रंथपाल मॅडम आणि मी साकीनाक्याला गेलो. पत्त्यावरच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनत होती. "ते कॉम्प्युटरवाले? कधीच गेले," तिथला माणूस म्हणाला.

मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मूळच्या परभणीकडच्या. वाचनाची गोडी गावातल्या विहारातल्या दोन कपाटांनी लावली, असं सांगायच्या. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "काका, यादी आपली आणि आपल्यालाच बघायला मिळत नाही. हे परत व्हायला नको."

त्यांनी शोधून काढलं ते मुक्त सॉफ्टवेअर. तिकडे न्यूझीलंडमध्ये एका वाचनालयासाठी बनवलेलं, आणि मग जगाला देऊन टाकलेलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. माझा काही विश्वास बसला नाही. आमच्या कार्यवाहांचाही नाही. समितीच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "फुकटचं आहे. उद्या बिघडलं तर धरायचं कुणाला?"

"मला धरा," मॅडम म्हणाल्या.

कोपऱ्यातला एक जुना संगणक त्यांनी मागून घेतला. दुपारी वाचनालय बंद असायचं, तेव्हा डबा खाता खाता व्हिडिओ बघून शिकायच्या. दोनदा सगळं बसवलं आणि दोनदा वाट लागली. अडलं की इंटरनेटवर प्रश्न लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी परक्या देशातल्या ग्रंथपालाचं उत्तर आलेलं असायचं. "हा माणूस मला ओळखत नाही ना काका, तरी बघा किती लिहिलंय," असं म्हणून मला वाचून दाखवायच्या. तिसऱ्यांदा ते चाललं. मग दाखल रजिस्टरातून, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वहीतून, पुस्तकं पुन्हा भरायची होती. मी वाचायचो, त्या टाइप करायच्या. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही. माझा मात्र दोन-तीनदा चढला.

यादी भरून झाल्यावर त्यांनी पडदा मराठीत केला आणि आमचे एक जुने सभासद, मालवणकडचे आजोबा, त्यावर स्वतःचं खातं बघायला बसले. लगेच ओरडले, "ह्या काय रे? 'आश्रयदाता' लिवलाहा. मी खंय कोणाक आसरो दिलंय?"

आम्ही हसलो, पण बाकीचंही तसंच, इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवलेलं निघालं. आमच्या टेबलाच्या कामाला तिथे 'अभिसरण' म्हटलं होतं.

"मॅडम, अभिसरण रक्ताचं असतं," मी म्हणालो.

"मग आपण काय म्हणतो?"

"देवघेव. अख्खा जन्म देवघेवच म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून दिली. "बसा काका. हे शब्द बदलता येतात, आपल्यासारख्यांनीच बदलायचे असतात."

मला वाटलं, आमच्या संगणकापुरतं म्हणतायत. पण ते भाषांतर इंटरनेटवर होतं, सगळ्यांचं मिळून. तिथे सुचवलेला शब्द मान्य झाला की पुढच्या आवृत्तीत सगळीकडे जायचा. मग रोज दुपारी तासभर आमचं तेच चाललं. आश्रयदात्याचा सभासद झाला. 'धारण' होतं, त्याचं 'राखून ठेवलेलं' झालं. कधी कधी भांडायचोही. 'मुदत उलटली' त्यांना कठोर वाटायचं, 'मुदत संपली' हवं होतं. "वाचकाला ओशाळवाणं कशाला करायचं?" त्या म्हणाल्या. मी ऐकलं. अशा गोष्टी मला एवढ्या वर्षांत सुचल्या नव्हत्या.

काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली. मॅडमनी ती बसवली आणि मला हाक मारली. पडद्यावर वरच्या बाजूला लिहिलं होतं, देवघेव. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. दहावी नापास माणूस मी. माझ्या तोंडचा शब्द यंत्रात छापून आला होता. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यात काय, देवघेवच म्हणतात ना?" तिचंही बरोबरच होतं.

त्यानंतर एकदा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनीही तेच सॉफ्टवेअर घेतलं होतं. मराठी कुणी नीट केली ते विचारत विचारत त्या आमच्यापर्यंत पोचल्या होत्या. मॅडम बोलल्या, आणि मग, "शब्द यांचे आहेत, यांच्याशीच बोला," म्हणून फोन सरळ माझ्या हातात दिला.

मी फोन कानाला लावला. पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "दादा, रजिस्टरातली जुनी पुस्तकं भरायची आहेत. आम्ही दोघीच आहोत. कुठून सुरुवात करू?"

"आधी रोज मागितली जातात ती भरा," मी म्हणालो, "बाकीची सावकाश. आणि एकीने वाचा, एकीने टाइप करा."