माझ्या काळापुरती हमी

आपल्या वाट्याला आलेल्या काळाची हमी घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याकडूनच आम्ही घर विकत घेतलं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. न्यूझीलंडात, वेलिंग्टनशेजारच्या लोअर हटमध्ये, टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराचं लाकडी घर. मी तिथल्या इस्पितळात नर्स, माझा नवरा अविनाश रोज ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसात जाणारा. घराचे मालक निवृत्त फार्मासिस्ट, मूळचे साताऱ्याचे. बायको जाऊन वर्ष झालेलं, मुलगा सिडनीत. एकट्याला एवढं घर खायला उठतं, म्हणून ते दोन रस्ते पलीकडे एका छोट्या फ्लॅटमध्ये गेले आणि घर आम्हाला दिलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

आता तिकडे घर नावावर करणं म्हणजे सरळ काम. मालकीची नोंद झाली की सरकारच तिची हमी घेतं. विकणाऱ्याने सही करावी, किल्ल्या द्याव्यात, सुटावं. पण काकांच्या अमेरिकेतल्या भावाने तिकडचं घर विकताना ‘लिमिटेड वॉरंटी डीड’ नावाचं खरेदीखत केलं होतं. म्हणजे असं, की माझ्या मालकीच्या काळात या घरावर कुणाचा बोजा किंवा दावा उभा राहिला असेल तर तो मी निस्तरीन. माझ्या आधीचं मला विचारू नका. भावाने फोनवर हे सांगितलं आणि काका त्या कल्पनेच्या प्रेमातच पडले. आपल्याही कागदांत असं कलम हवंच, म्हणून हटून बसले. आमचा गोरा सॉलिसिटर हसत म्हणाला, “गरजच नाही, मेट. शी विल बी राइट.” म्हणजे तिकडच्या बोलीत, होईल सगळं ठीक. काका आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, “असेल हो राइट. पण माझ्या काळाला जबाबदार मीच ना?” शेवटी त्यांनी कलम घालून घेतलंच.

ते कलम दाव्यांपुरतं होतं, नळांना त्यात जागा नव्हती. पण हे काकांना कोण सांगणार? राहायला गेलो त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारावर टकटक. मागचं दार, बरं का. पुढच्या दाराने ते कधी आलेच नाहीत. हातात हत्यारांची पेटी, पायात मोजे आणि वर जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला. “मोरी तुंबते का गं? तो पाइप मी घातलाय.” मग पाइप. मग कपाटाची बिजागरी. एकदा मी न्हाणीघरातली फुटलेली फरशी दाखवली, तर चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, “ही माझ्या आधीच्या स्कॉटिश माणसाची. तिला मी हात लावणार नाही.” आणि खरंच लावला नाही! सदर्ली, म्हणजे दक्षिणेचा गार, सोसाट्याचा वारा सुटला, सगळं घर कुरकुरायला लागलं, की रेनकोट घालून हे हजर, खिडक्या खुळखुळतात का बघायला. एका सकाळी भूकंपाचा बारीक धक्का बसला. आमचा चहा होतोय तोवर काका दारात. मी म्हटलं, “अहो काका, भूकंपसुद्धा तुमचाच का?” ते गंभीरपणे म्हणाले, “भूकंप तुमच्या काळातला. खिळे माझ्या काळातले.”

बरं, हे घरापुरतंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांचा सगळा संसारच या तत्त्वावर चाललेला. लिंबाचं लोणचं आणायचे, तेही परसातल्या लिंबांचं, लिंबं तोडायला रीतसर आमची परवानगी मागून. बरणी देताना म्हणायचे, “फोडी माझ्या, मीठ माझं. मोहरी दुकानातली, तिच्याबद्दल मी बोलणार नाही.” तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी आपल्या भाचीसाठी एका मुलाची चौकशी केली. काका म्हणाले, “वेलिंग्टनला आल्यापासून मुलगा सोन्यासारखा आहे. सांगलीत काय होता, ते मला विचारू नका.” झालं! बाईंचा चेहरा असा पडला की विचारू नका. ते लग्न जमायला पुढे उगाच सहा महिने लागले.

अविनाश वैतागायचा. “घर आपलं आहे की आपण त्यांचे भाडेकरू आहोत?” मलाही कधीकधी नाइट ड्यूटी करून आल्यावर तो स्क्रू पिळण्याचा आवाज नको व्हायचा. पण मला कळत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार होता तो. काम पाच मिनिटांचं, मग कपभर चहा, मग ओट्यापाशी नुसतं उभं राहणं. बिघडलेल्या वस्तूशिवाय या घरात यायला त्या माणसाकडे दुसरं कारणच नव्हतं.

आणि ते कारण आम्ही काढून घेतलं. मुद्दाम नव्हे हो, पैसे साठले म्हणून. नवीन खिडक्या, नवीन पाइप, नवीन ओटा, छपरावर नवे पत्रे. बिल्डर गेल्यावर काका पेटी घेऊन आले, सगळ्या घरातून फिरले. नळ सोडून बघितला, खिडकी उघडून मिटली. “उत्तम केलंत,” म्हणाले. “आता माझ्या काळातलं काही राहिलं नाही.” चहाला थांबले नाहीत.

मग ते यायचेच बंद झाले. अविनाश आधी म्हणाला, “सुंठीवाचून खोकला गेला.” पण पुढची सदर्ली आली तेव्हा चहाचा कप हातात घेऊन तोच मागच्या दाराकडे बघत बसला. मला तर घर मुकं झाल्यासारखं वाटलं. एका शनिवारी डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध घ्यायला गेले, तर काका तिथे मालकाशी बोलत उभे. हातात फक्त एक पाव. मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी हे उभेच. मी म्हटलं, “काका, उद्या घरी या.”

“काय बिघडलं?”

“काही नाही.”

“मग?”

“मग काय? जेवायला या!”

“काही बिघडलं नसताना?” हे त्यांनी असं विचारलं, की मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराची बेल वाजली. काका कोट-टाय घालून उभे, हात रिकामे. स्वतःच्याच जुन्या घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकाशी बसले. मी वरण-भात वाढला, वर तूप घातलं. अविनाशने क्रिकेटचा विषय काढून बघितला, मी मंडळाच्या भानगडी सांगितल्या. ते “हो, हो” म्हणत होते, पण लक्ष मधल्या खोलीच्या दाराकडे. तिथे आता आमचं कपड्यांचं कपाट होतं.

“तिचा पलंग तिथे होता,” ते म्हणाले. बायकोबद्दल ते प्रथमच बोलत होते. “शेवटचे चार महिने. सगळी औषधं मी स्वतः मोजून दिली.” मग बराच वेळ भात कालवत राहिले. “ती माझ्या काळात गेली गं. तेवढं एक मला निस्तरता आलं नाही.”

मी आणखी भात वाढला, त्यांनी नको म्हटलं नाही. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवले. ताट स्वतः घासायला निघाले, ते मी हातातून घेतलं.

निघताना त्यांनी कोटाची बटणं लावली, पायरी उतरले, आणि फाटकापाशी थांबून मागे वळले.

“पुढच्या रविवारी काही बिघडलं नसेल,” ते म्हणाले, “तर येऊ का?”