न धुतलेला पटका

गिरणीमागच्या चाळीतून नवी पेठेकडे जाताना वाटेत एका खाटकाचं दुकान लागे. केराबाई तिथे थांबायची. डोक्यावर घोंगड्यांचा गठ्ठा, हाताला चिंचोक्यांच्या खळीचा आंबूस वास आणि नजर दुकानाच्या फळीखाली. ताजं रक्त आधी लखलखीत असे, मग कडेने गडद होई, मग आतपर्यंत. उन्हात ते पुरतं काळं पडलं की ती मान हलवायची आणि चालू लागायची.

"अम्मा, गोश होना क्या?" खाटकाने पहिल्या-पहिल्यांदा विचारलं होतं.

"न्हाय बाबा. बगत्ये नुसती."

"इत्ता क्या देखते उसमें?"

"रगत मरतंय का, ते बगत्ये."

खाटकाने पुढे विचारणं सोडलं. चाळीतल्या बायका सोडत नव्हत्या. नळावर राजाबाई मोठ्याने म्हणायची, "सरका गं, आली रगताची फौजदारीण! काय केराबाई, आज किती बकऱ्यांचा पंचनामा केलासा?" बाकीच्या हसायच्या. केराबाई घागर भरून निघून जायची. उत्तर द्यायचं तर ट्रंकेतला पटका बाहेर काढावा लागला असता, आणि तो ती फक्त एका माणसाला दाखवत असे. आपल्या धाकट्या मुलाला, सिद्धाप्पाला.

केराबाई सांगोल्याकडच्या माळावरची. मेंढरांमागे वाढलेली, मेंढरांमागेच नांदायला गेलेली. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, तेव्हा थोरला धुळाप्पा पंधरा-सोळा वर्षांचा होता आणि सिद्धाप्पा पाच. धुळाप्पाने मेंढरांचा वाडा सांभाळला. मेंढरं राखली, लोकर कातरली, आईला कुणापुढे हात पसरू दिला नाही. जेवताना तो भाकरीचा पापुद्रा काढून आधी सिद्धाप्पाला द्यायचा. एवढंच त्याच्याबद्दल ती कधीतरी बोलायची; बाकी सगळं तिच्या आत राहिलं.

एकोणीसशे बावीसच्या उन्हाळ्यात एका एडक्यावरून तंटा झाला. नवऱ्याचा चुलतभाऊ मायाप्पा म्हणत होता, एडका माझा. धुळाप्पा म्हणत होता, आमचा. मेंढरांच्या पाठीवर तेव्हा माळावरचे सगळेच कावेचा तांबडा पट्टा ओढत. दोन पावसांत तो धुऊन जाई आणि मग असली भांडणं होत. सगळ्या वाड्यांच्या देखत मायाप्पा म्हणाला होता, "ह्या एडक्यापायी रगत सांडंल एक दिवस!"

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळाप्पा ओढ्याच्या दरडीखाली मेलेला सापडला. डोकं मागून फुटलं होतं. डोक्याशी मायाप्पाचा पांढरा पटका पडला होता आणि त्यावर हातभर लांब लाल डाग होता.

लोक जमायच्या आत केराबाईने तो पटका उचलून पदराखाली घेतला. तो फौजदाराला द्यावा हे तिला सुचलं नाही असं नाही. पण कचेरीत गेलेली वस्तू परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पोराचं रक्त कुठल्या तरी कपाटात कुलूपबंद होऊन पडेल, ही कल्पनाच तिला सोसवली नाही. मायाप्पाला पोलीस घेऊन गेले. तो म्हणाला, पोरगं पडलेलं मला दिसलं, मी मदतीला पळालो. पुरावा नव्हता. आठ दिवसांत तो सुटून आला.

त्या आठ दिवसांतल्या एका सकाळी तिने पटका मांडीवर पसरून नीट पाहिला. एका पदराशी चिखलाची काळपट खपली धरली होती. पोराच्या रक्ताजवळ ओढ्याची घाण नको, म्हणून ती तिने अंगठ्याच्या नखाने खरवडली. धागे मोकळे केले, फुंकर मारली. मग पटक्याची घडी घातली आणि शपथ घेतली, मायाप्पाचं रक्त ह्या रक्ताशेजारी लागेपर्यंत पटक्याला पाणी लावायचं नाही.

सुतक फिटताच तिने मेंढरं भावाकडे हाकलून दिली. त्यांच्याकडे वळून पाहिलंही नाही. धाकट्याला घेऊन सोलापूरला आली, एका घोंगडीवाल्याकडे लोकर कातू लागली, घोंगड्यांना खळ देऊ लागली.

दर अवसेला दुपारी कामावरून लवकर येऊन ती दार लावायची आणि ट्रंक उघडायची.

"सिदू, बग. लाल हाय?"

"हाय, आये."

"का हाय?"

"दादाचं रगत अजून जित्तं हाय म्हनून."

हे बोल तिनेच त्याला शिकवले होते. पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, डाग काळा पडेल. पडला नाही. दुसऱ्या वर्षीही तसाच. तेव्हापासून तिला दुसऱ्या रक्तांकडे बघायचा नाद लागला. जत्रेत कापलेलं बकरं, नालबंदाकडे रक्ताळलेला खूर, तिच्या स्वतःच्या बोटात गेलेली सुई. सगळी रक्तं दिवस मावळायच्या आत मरत होती. एक तिच्या पोराचंच मरत नव्हतं. दर वेळी खात्री पटे आणि दर वेळी पुन्हा पाहावंसं वाटे. ते बघताना तिचा चेहरा शांत व्हायचा. राजाबाईला त्याच चेहऱ्याची भीती वाटायची, थट्टा ती उगीच करायची.

सिद्धाप्पा पंधराव्या वर्षी सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात लागला. पहिल्या दिवशी घरी आला तो कोपरापर्यंत तांबडा होऊन. केराबाईने त्याचे दोन्ही हात धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.

काही महिन्यांनी कढईच्या काठाने त्याचं बोट कापलं. एकाच बोटावर रक्त आणि रंग शेजारी-शेजारी वाळले. संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा एक काळं पडलं होतं आणि दुसरं सकाळसारखंच लाल होतं. तो बोटाकडे बघत चाळीपर्यंत चालत आला.

त्या अवसेला आईने विचारलं, "लाल हाय?"

"आये, ह्यो रंग हाय. पक्का रंग. आमच्या कढईतला वाटतुया."

तिने त्याच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा. "सक्क्या भावाच्या रगताला रंग म्हंतुयास? भ्या वाटतं तर तसं सांग. बांगड्या आनते नवी पेठंतनं."

त्याने पुन्हा तो शब्द काढला नाही. "लाल हाय?" विचारलं की "हाय" म्हणायचा. ते खोटं नव्हतंच. त्याच्या वयाच्या पोरांची लग्नं झाली. रंभाबाई नावाच्या शेजारणीने आपली भाची सुचवली, पोरगी मायाळू होती, सिद्धाप्पाला पाहून मान खाली घालायची. केराबाई म्हणाली, "आदी त्ये काम. मंग अक्षता." तो वर्षावर वर्ष ढकलत राहिला. आई त्याला भेकड म्हणायची, आणि तो जेवून हात धुऊन कामाला जायचा.

धुळाप्पा गेल्यावर बारा वर्षांनी, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, केराबाईला नवी पेठेत मायाप्पा दिसला. घोंगडी खांद्यावर टाकून तो एका दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हातारा झाला होता. ती तशीच माघारी फिरली. सिद्धाप्पाची सुट्टी होती. तिने लोकर कातरायची कातर त्याच्या हातात दिली.

"आला हाय त्यो. घोंगडीवाल्याच्या पायरीवर बसलाय. आता तुजं काम."

सिद्धाप्पाने कातरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

ती पटका मांडीवर पसरून बसली. दार उघडं ठेवलं. ऊन उंबऱ्यावरून आत सरकत आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला पटक्याकडे बघवेना. ती रस्त्याकडे बघत राहिली. पोराला पकडतील, फासावर देतील, हा विचार इतक्या वर्षांत तिने कधी पुरता केला नव्हता. आता तो एकदम आला आणि ती उठायला गेली.

तेवढ्यात सिद्धाप्पा दारात आला. धडधाकट. त्याच्यामागे मायाप्पा होता, तोही धडधाकट.

"आये, तात्याचं ऐकून घे," सिद्धाप्पा म्हणाला आणि त्याने कातर उंबऱ्यावर ठेवली. "मंग काय करायचं ते तू ठरीव."

पुढचं कळायच्या आत तिने कातर उचलली होती. मायाप्पा हलला नाही. हलला तो सिद्धाप्पा. त्याने नुसता हात मध्ये घातला, मेंढराला अडवायला घालावा तसा. पातं तळव्यातून गेलं. तो खाली बसला आणि आईच्या पायाशी पडलेला पटका ओढून त्याने हाताभोवती गुंडाळला. केराबाईने त्याला अडवलं नाही. कातर तिच्या हातातून कधी पडली, हेही तिला कळलं नाही.

"वैनी," मायाप्पा म्हणाला. तो अजून दारातच उभा होता. "त्या दिशी सकाळच्या पारी मी मेंढरांला खुणा करीत हुतो. काव टिकंना, म्हनून सोलापूरचा पक्का रंग नेला हुता. ह्या पटक्याला हात पुसलं. दुपारी पोरगं दरडीखाली पडल्यालं दिसलं. डोक्याखाली द्यायला दुसरं काय नव्हतं. ह्योच घडी करून दिला."

"खोटं."

"खोटं असंल. बारा वर्सं समदी तसंच म्हंत्यात. पोरानं इचारलं म्हनून आलो. न्हायतर आलो नसतो."

सिद्धाप्पाच्या हाताला शेजारून धावत आलेल्या राजाबाईने हळद भरली. आज तिच्या तोंडून थट्टा निघाली नाही. मग ती पटका उचलून चुलीत घालायला निघाली, तेव्हा केराबाईने तो तिच्याकडून घेतला.

सिद्धाप्पाच्या त्या हाताची दोन बोटं पुढे कधी मिटली नाहीत. ओलं जड सूत पिळणं त्याला जमेना. चैत्रात तो मायाप्पाबरोबर माळावर निघून गेला, तिकडेच त्याचं लग्न झालं. रंभाबाईच्या भाचीशी नाही. आईला भेटायला यायचा. यायचा, बसायचा आणि गाडीची वेळ झाली की उठायचा. केराबाईने खाटकाच्या दुकानावरून जाणं बंद केलं. नवी पेठेला ती लांबच्या वाटेने जाऊ लागली.

पण त्या दिवशी, गड्ड्याच्या त्या दुपारी, कुणीच कुठे गेलं नाही. सिद्धाप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून पडला होता. मायाप्पा उंबऱ्याशी बसला होता. आणि केराबाई मांडीवर पटका घेऊन नेहमीसारखी बघत होती. जुना डाग होता तसाच लाल होता. त्याच्या शेजारी सिद्धाप्पाचं रक्त. ते आधी लखलखीत होतं, मग कडेने गडद झालं, मग आतपर्यंत. उन्हं कलली तशी त्याची खपली धरली. काळपट, कोरडी. वाळल्या चिखलासारखी.

अशी खपली तिने पूर्वी पाहिली होती. ह्याच पटक्यावर, पदराशी.

तिने उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. नखाकडे पाहिलं. मग तो हात तिने पदरात गुंडाळून घेतला, लहान मुलाला भाजलं की गुंडाळतात तसा. रडली नाही.

ती म्हणाली, "भावजी, जाताना त्यो काय बोलला का?"

"पानी मागितलं. मी डबक्याकडं गेलो. आलो तवर काय ऱ्हायलं नव्हतं."

"त्येच्या आदी?"

मायाप्पाने सिद्धाप्पाकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "कोकरू कपारीत अडकलंय म्हनला. आदी त्येला काडा, आये रागवंल."

"काडलंसा का?"

"व्हय, वैनी. काडलं. तुमच्याच वाड्यात सोडलं. माजं हात पान्यानं वलं हुतं, सकाळचा रंग पुरता गेला नव्हता; त्येच्या पाटीवर माजी पाची बोटं लाल उटली हुती. तुमी मेंढरांकडं बगितलंच न्हाय."