डेमोशेटचा स्टॅच्यू

डेमोशेट ठेक्याच्या आधी वाजवायचा. ठरवून, आणि वर ताठ मानेनं. त्याच्या जुनाट लॅपटॉपातून सूर बाहेर पडायला किंचित उशीर लागे, म्हणून हा गडी बोट आधीच दाबून मोकळा व्हायचा. ऐकणाऱ्याला सगळं वेळेवर वाटे. पण शेजारी उभं राहून त्याची बोटं बघणाऱ्याला, म्हणजे मला, मान फिरवावी लागायची. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आता तो नाही म्हणून मी गोड लिहिणार नाही.

शहापूरला आमची बँजो पार्टी आहे, वडिलांनी उभी केलेली. हळदीला जुनी गाणी वाजवायची आणि त्यात ऑर्गनचा भरलेला, थरथरता सूर सोडायचा, यावर आमचं नाव. तो ऑर्गन वडिलांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणला होता, आणि त्यांच्यामागं तो मी वाजवायचो. टेंपोत चढवताना माणसांच्या कमरा मोडत. एका पावसाळ्यात त्याच्या निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या. दुरुस्त करणारा कल्याणचा म्हातारा केव्हाच वारला होता, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती आणि लगीनसराई तोंडावर आली होती. वडिलांची पार्टी माझ्या हातात मरते की काय, या धास्तीनं मला घास जात नव्हता.

तेव्हा आमच्या ढोलकीवाल्यानं मुरबाडकडून याला आणलं. गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप मोटारसायकलला बांधलेला, काखेत पट्ट्यांची एक प्लास्टिकची फळी. त्या फळीला स्वतःचा आवाजच नव्हता. वायरनं ती लॅपटॉपला जोडून त्यानं वडिलांच्या ऑर्गनचा सूर काढला. हुबेहूब, त्या थरथरीसकट. मग एक बटण दाबून जुना इलेक्ट्रिक पियानो, आणखी एक दाबून नाटकातली पायपेटी. मी विचारलं, केवढ्याला पडलं हे सगळं? तो म्हणाला, "दादा, फुकट ते पौष्टिक."

सगळे सूर त्यानं इंटरनेटवरून उतरवले होते, तेही चाखायला म्हणून देतात ते डेमो. बनवणारे काही खुळे नसतात. डेमो वाजता वाजता मध्येच काही क्षण गप्प होतो, म्हणजे माणूस वैतागून विकत घेतो. हा वैतागणाऱ्यांतला नव्हता. आमच्या पोरांनी त्याचं नाव डेमोशेट ठेवलं, तर ते त्याला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

चहा दुसऱ्याचा, तंबाखू दुसऱ्याची, पेट्रोल माझं. लॅपटॉप तापायचा, म्हणून लग्नघरात शिरल्या शिरल्या हा टेबलफॅन शोधायचा. सापगावला त्यानं नवरदेवाच्या आजारी आजोबांच्या उशाचा पंखा उचलून आणला. मी तो परत ठेवायला सांगितला तर म्हणाला, आजोबा काही बंद पडणार नाहीत, लॅपटॉप पडेल. अख्खा मांडव हसला. मीच तेवढा पंखा घेऊन आत गेलो.

आसनगावच्या एका हळदीत, नाच ऐन रंगात असताना, डेमो गप्प झाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डेमोशेटनं मात्र शांतपणे दोन्ही हात वर केले. ढोलकीवाला घाबरून थांबला. नाचणारे होते तसे गोठले, एका बाईच्या हातातली हळदीची वाटी तशीच वर राहिली. मग सूर परतला आणि अंगण असं उसळलं की मांडवाचे बांबू हलले. लोकांनीच त्या थांबण्याला नाव दिलं, स्टॅच्यू. पुढं तो डेमो अशा बेतानं चालू करायचा, की गप्प होण्याची वेळ बरोबर मुखड्याच्या तोंडाशी यावी.

मी म्हटलं, आता विकत घे आणि हातानं थांब. त्यावर तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "हातानं थांबलो का नाटक वाटतं दादा. तो थांबतो तवा मीपन दचकतो."

एकदा गावदेवीच्या देवळात भजनी बुवांनी खरी पेटी त्याच्यापुढं सरकवली. सवयीनं त्याचा प्रत्येक सूर ठेक्याच्या आधी. बुवा म्हणाले, "गाडी सुटली नाय रे, दमानं." मी पुढचे कित्येक दिवस खुशीत होतो.

दुसऱ्या वर्षी त्यानं मुरबाडला स्वतःची पार्टी काढली आणि माझा ढोलकीवाला नेला. जाताना मला सल्ला, तुम्हीही डेमो घ्या, फुकटच आहे. मी बायकोच्या शिव्या खाऊन खरा कीबोर्ड विकत घेतला. वाशिंदच्या पहिल्याच हळदीत मुखड्याच्या तोंडाशी सगळे हात वर करून गोठले आणि मी आपला वाजवतच राहिलो. लोक माझ्याकडे मयतात हसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. नवरीची मावशी जवळ येऊन म्हणाली, "तुमचा थांबत नाय का हो?" त्यानंतर सुपाऱ्या एकेक करून मुरबाडला गेल्या.

यंदा त्याला कावीळ झाली. दवाखाना सोडून हा कुणाकडून तरी फुकटचा झाडपाला घेत बसला. डेमोशेट गेला हे सांगायला ढोलकीवाल्याचा फोन आला तेव्हा मी एका हळदीला निघालो होतो. तो रडत होता, मी संतापलो होतो. आयुष्यात एवढी एक गोष्ट तरी विकत घ्यायची होती गाढवानं.

त्या संध्याकाळी मुखड्याच्या तोंडाशी माझे हात पट्ट्यांवरून उठले. मी काही ठरवलं नव्हतं. अंगण जागच्या जागी गोठलं, आणि त्या शांततेत मीच दचकलो. मग वाजवायला लागलो तर लोक माझ्यासमोर कधी नाचले नव्हते तसे नाचले. यजमानानं धाकट्या मुलाच्या हळदीची सुपारी तिथंच हातात ठेवली आणि बजावलं, "स्टॅच्यू पायजेच."

मी सुपारी घेतली. तेव्हापासून फोन पुन्हा वाजू लागलेत. वडिलांची पार्टी जगली, आणि जगवली त्या फुकट्यानं. हे मला अजून सहन होत नाही.