मोठ्या जहाजाचे इंजिन

कोणतेही यंत्र दिसले की चाचा आधी त्याच्यावर तळहात ठेवत. आमच्या कचेरीत आले की मागच्या खोलीतल्या छपाई यंत्रावर, स्टँडवर उभ्या एसटीच्या बॉनेटवर, लग्नघरी गेले तर मांडवामागच्या जनरेटरवर. क्षणभर डोळे मिटत आणि निकाल देत. "बेअरिंग गेलंय." यंत्राचा मालक काही सांगू लागला तर त्याला हाताने थांबवत. "इंजिनाचं ऐकायचं रे. माणसाचं काय ऐकतोस? माणूस खोटं बोलतो."

निकाल पुष्कळदा चुकत. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एकदा छपाई यंत्राचे बेअरिंग उघडले. ते ठणठणीत निघाले आणि त्या दिवशीचा अंक दुपारी बाहेर पडला. चाचांना त्याचे काही वाटले नाही. "उघडलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "आता खात्री तरी झाली."

परदेशी जहाजांवर इंजिन सारंग, म्हणजे इंजिनखोलीतल्या खलाशांचा मुकादम, म्हणून त्यांचे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीत खाडीकाठच्या मोहल्ल्यात राहत. मुलगा कुवेतला, मुलगी राजापूरला सासरी, घरात ते आणि चाची. मी गावातल्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. अंक फुकट वाचायला ते रोज सकाळी येत आणि वाचून झाला की त्यातल्या चुका काढत. मासेमारीच्या लाँचला आम्ही एकदा 'जहाज' छापले. "ह्याला जहाज म्हणतोस?" ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले. "मग मी ज्याच्यावर होतो त्याला काय म्हणू? तालुका?"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. तो आला की कामाचा विचका होतो, आणि दोन दिवस आला नाही की चौकशीला माणूस तुम्हीच पाठवता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना जेटीवरून घराकडचा चढ चढताना दम लागू लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयातला एक व्हॉल्व अरुंद झाल्याचे सांगितले. आता मांडीच्या शिरेतून नळी घालून नवा व्हॉल्व बसवता येतो. तेव्हा ती सोय आपल्याकडे नव्हती, छाती उघडावी लागे. घरचे घाबरले. चाचा मुळीच नाही. "व्हॉल्व बदलायचा त्यात काय? उभा जन्म मी दुसरं केलं काय?" जहाज गोदीत दुरुस्तीला जावे तसे ते मुंबईला गेले आणि परतले ते धातूचा व्हॉल्व घेऊन.

त्याचा आवाज येत असे. शांत खोलीत जवळ बसले तर बारीक टिकटिक स्पष्ट ऐकू येई. चाचांनी कचेरीत येऊन सगळे पंखे बंद करायला लावले. दिवस मे महिन्याचे होते. आम्ही घामाने निथळत त्यांच्या छातीभोवती उभे राहिलो. संपादक मान वळवून बसले होते, त्यांनाही बोलावले. "या साहेब, कान लावा. फुकट हाय." संपादकांनी कान लावला. त्याशिवाय पंखे सुरू होणार नव्हते.

वर्षभर सगळे ठीक चालले. नंतर ती टिकटिक मंदावली. ते सांगतही आले, पण तक्रार म्हणून नाही, बढती मिळाल्यासारखे. "होडीचं इंजिन बघ, कसं फडफडतं. लहान इंजिन ना, त्याला घाई. मोठ्या जहाजाचं इंजिन सावकाश फिरतं. एकेक फेरा मोजून घ्यावा असं. माझं आता मोठ्या जहाजाचं झालं."

एका सकाळी ते आमच्याकडे चहा पीत बसले असताना मान छातीवर पडली. ग्लास हातातून सुटून फुटला. आम्ही धावेपर्यंत त्यांनी मान वर केली होती. लेंग्यावरचा चहा पाहून त्यांनी माझ्याकडे रोखून बघितले. "कोणी सांडला?"

आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि शांतपणे समजावले. व्हॉल्व उत्तम चालला आहे. पण त्याला लागूनच एक वाट जाते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला ठोक्याचा हुकूम त्या वाटेने खाली पोहोचतो. ती वाट बंद पडली आहे. व्हॉल्व बदललेल्या काही जणांना असे होते. (हल्ली नळीने बसवलेल्या व्हॉल्वनंतरही हे होते, असे ऐकतो. उपाय सोपा झाला, भानगड राहिलीच.) खालचा कप्पा आपल्या मनाने सावकाश ठोके देत राहतो, आणि एखादे दिवशी देत नाही. कोल्हापूरला जाऊन पेसमेकर बसवून घ्या, लवकर.

"सावकाश चालतंय तर बिघडलं काय?" चाचा म्हणाले. "सावकाश चालणारं इंजिन टिकतं."

"चाचा, हे डिझेलवर चालत नाही."

"म्हणून तर तुम्हाला त्यातलं कळत नाय."

डॉक्टरांनी कागदावर कोल्हापूरच्या डॉक्टरांचे नाव लिहून दिले. चाचांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला स्टँडपर्यंत सोडायला सांगितले. तिथे एक नवी एसटी आली होती, तिच्या बॉनेटला हात लावायचा होता.

त्या आठवड्यात चाची कचेरीत आल्या. त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही पेपरवाले. रोज एवढं लिवता. एक माणूस समजावता येत नाय तुम्हाला? घरात उभे असतात ते खाली बसतात, डोळे फिरवतात. मी ओरडले की म्हणतात, डोळा लागला होता. उभ्या माणसाचा डोळा लागतो काय? घोडा हाय काय तो?"

मी समजावण्याचे ठरवले. त्यांच्याच भाषेत सांगितले तर पटेल, असा माझा हिशेब होता.

"चाचा, इंजिनखोलीला हुकूम कुठून येतो?"

"ब्रिजवरून. तिथं वर कप्तान टेलिग्राफ फिरवतो, खाली घंटी वाजते."

"ती तार तुटली तर?"

"तर इंजिनखोली आपल्या अकलेनं चालवते."

"तुमच्या छातीत तेच झालंय. वरचा हुकूम खाली येत नाही."

चाचांनी स्वतःच्या छातीवर तळहात ठेवला. मला वाटले, लागू पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं सांग ना मग! हे तर बेस झालं. ब्रिजवाल्यांना काय कळतं रे इंजिनातलं? पांढरे कपडे घालून नुसत्या घंट्या वाजवतात. जन्मभर त्यांचं ऐकलं. आता कुठं इंजिन आपल्या मनानं चालायला लागलंय."

पलीकडच्या टेबलावर संपादकांनी कपाळाला हात लावला. मीही तो विषय सोडला.

पुढे पावसाळ्याआधी ते चाचींना मागे बसवून स्कूटरवरून बाजारातून येत होते. उतारावर त्यांची शुद्ध गेली आणि स्कूटर कुंपणाच्या दगडी गडग्यावर आदळली. चाचांना खरचटलेसुद्धा नाही. चाचींचे मनगट मोडले.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले. छपाई यंत्राकडे गेले नाहीत. माझ्यासमोर बसून म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. बसवतो म्हणावं ते काय ते." बस्स, एवढेच. चुका न काढता अंक तसाच टेबलावर ठेवून गेले. मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आजच कोल्हापूरला बोलतो.

पंधरवडा गेला. चाचा कोल्हापूरला गेल्याची खबर आली नाही, म्हणून मी घरी गेलो. चाचा चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होते. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून चाची पाटावर बसल्या होत्या.

"पाणी लावा."

"लावलं."

"कुठं लावलंत? फाटली बघा."

"फाटली तर फाटली. पोटात जाऊन शिवायची हाय काय?"

कोल्हापूरचे काय झाले, मी विचारले. चाचांनी वर न बघता सांगितले, "पुढची तारीख दिलीय. त्यांच्याकडे लाइन हाय मोठी." मी चिडून म्हणालो, अशा रोग्याला कोणी थांबवून ठेवत नाही, उद्या मी स्वतः फोन करतो. "नको," ते एकदम म्हणाले. "झालंय ना ठरवून. तू तुझा पेपर नीट काढ." चाची म्हणाल्या, "मी पण रोज तेच विचारते. मला पण हेच सांगतात."

तरीही मी फोन केला. कोल्हापूरच्या दवाखान्यातून उत्तर आले, रोग्याची माहिती फक्त त्यांच्या डॉक्टरांना देऊ. आमचे डॉक्टर तेव्हा मुलीच्या लग्नासाठी पुण्याला गेले होते. ते परत येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी चाचा चुलीपुढून उठायला गेले, पुन्हा खाली बसले आणि तसेच राहिले.

डॉक्टर आले ते तडक मोहल्ल्यात. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी बसली होती. आतल्या दाराला पडदा होता, त्याच्यामागे चाची इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात, बसल्या होत्या. डॉक्टर दुःख करायला आले होते, पण त्यांना संताप आवरला नाही. "मी दुसऱ्याच दिवसाची तारीख मिळवली होती," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "हे मला येऊन सांगतात, तिचं प्लास्टर निघेपर्यंत नको. मी आडवा पडलो तर तिला भाकरी कोण थापून देईल? मुलीला बोलवा म्हटलं तर म्हणे, तिचं घर तिच्यावर. चाचींना विचारा म्हटलं, तर ते नाही. आणि तिला सांगूही नका म्हणे."

पडदा थोडा हलला. त्याच्या कडेशी प्लास्टरचा हात दिसला, बोटांशी मळलेला.

"हात मोडला होता माजा," आतून चाची म्हणाल्या. "पाय नव्हते मोडले. कोल्हापूरला त्यांच्या खाटेशी बसायला हात कशाला लागतो?"

डॉक्टर जायला उठले. तेव्हा पडद्यामागून पुन्हा आवाज आला, आता जरा हळू.

"आणि भाकरी कच्ची असायची त्यांची. रोज. मी गप्प खाल्ली. म्हटलं, खूश हायत तर असू दे."